तक्रार कर्मचाऱ्याची, चौकशी आपल्या दप्तराची



न घेतलेलं कर्ज आपल्या नावावर दिसतंय, अशी तक्रार घेऊन एखादी कर्मचारी मनुष्यबळ विभागात येते. कुणाच्या एआयएसमध्ये, म्हणजे प्राप्तिकराच्या वार्षिक माहिती विवरणात, कधीच न पाहिलेल्या कंपनीचा पगार नोंदलेला असतो, तर कुणाच्या पॅनवर परस्पर जीएसटी नोंदणी झालेली असते. अशा वेळी आपल्या क्षेत्रात एक ठरलेलं उत्तर दिलं जातं: हा तुमचा खासगी प्रश्न आहे, सायबर पोलिसांकडे जा. पोलिसांकडे जायलाच हवं. १९३० हा क्रमांक त्यासाठीच आहे. पण तिला पाठवून आपण मोकळे होतो, हे मला मान्य नाही. ओळखचोरीची तक्रार आली की मालकाने सगळ्यात आधी स्वतःचं दप्तर तपासावं, एवढंच मला आज आपल्यासमोर मांडायचं आहे.

कारण साधं आहे. रुजू होण्याच्या दिवशी आपण माणसाकडून काय काय घेतो ते आठवा. आधार आणि पॅनच्या प्रती, रद्द केलेला धनादेश, पासपोर्ट आकाराचे फोटो, मागच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, पत्त्याचा पुरावा आणि प्रत्येक पानावर सही. एखाद्याच्या नावावर कर्जाचा अर्ज भरायला लागणारं जवळजवळ सगळं साहित्य या एका फाइलमध्ये असतं. ही फाइल पुढे पेरोल सांभाळणाऱ्या बाहेरच्या संस्थेकडे जाते, विमा कंपनीकडे जाते, पार्श्वभूमी तपासणाऱ्यांकडे जाते. कंत्राटी कामगाराचे कागद तर मुकादमाच्या व्हॉट्सॲपवरून फिरत फिरत येतात. यातलं काहीही द्यायला नकार देण्याची सोय कर्मचाऱ्याला नसते, कारण नकार दिला तर नोकरी मिळत नाही.

नेमक्या याच मुद्द्यावर अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बोट ठेवलं. पिट्सबर्गच्या यूपीएमसी या मोठ्या रुग्णालय समूहातून २०१४ मध्ये कर्मचाऱ्यांची माहिती चोरीला गेली आणि तिच्या आधारे खोटी करविवरणपत्रं भरून परतावे लाटले गेले. सुरुवातीला मोजकेच कर्मचारी बाधित आहेत असं वाटलं. आकडा वाढत गेला आणि अखेर आजी-माजी मिळून ६२ हजार जणांची माहिती गेल्याचं निष्पन्न झालं. खालच्या न्यायालयांनी कर्मचाऱ्यांचा दावा फेटाळला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. नोकरीची अट म्हणून माहिती मागायची आणि ती आपल्या संगणकांवर साठवायची, तर ती वाजवी काळजीने जपण्याचं कर्तव्यही मालकावर येतं, असं त्याने म्हटलं. तो निकाल आपल्याला बंधनकारक नाही, पण त्या घटनाक्रमात आपल्यासाठी एक धडा आहे. अशी गळती पहिल्यांदा एकेकट्या माणसांच्या तक्रारींतूनच दिसते. दुसरी आणि तिसरी तक्रार वेगवेगळ्या टेबलांवर पडून राहिली, तर त्यांचा एकमेकींशी संबंध कुणाच्याच लक्षात येत नाही. म्हणून अशा तक्रारींची नोंद एकाच ठिकाणी व्हायला हवी. ती ठेवणारी व्यक्ती पेरोल विभागातली नसावी, कारण चौकशी त्या विभागाचीही होणार असते.

आपला कायदाही याच दिशेने निघाला आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी नुसार ओळखचोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत, सहा तासांत कळवायच्या घटनांच्या यादीत ओळखचोरीचं नाव आहे. आणि हे सहा तास घटना आपल्या लक्षात आल्यापासून किंवा कुणी ती लक्षात आणून दिल्यापासून मोजले जातात. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे, ती तयारीत घालवायची की वाट पाहण्यात, हे आपल्या हातात आहे.

यावर आक्षेप येतात आणि ते पोकळ नाहीत. माहिती मोबाइल सिमच्या दुकानातून किंवा लॉजच्या रजिस्टरमधूनही गेली असेल, मग आम्हीच का शोधायचं? खरं आहे, तिथूनही गेली असेल. पण ते दुकान आपल्याला तपासता येत नाही, आपलं कपाट येतं. वकील सांगतात की चौकशी केली तर ती कबुलीच ठरेल. चौकशी म्हणजे कबुली नव्हे. उलट, तक्रार हातात असूनही काही केलं नाही, हे पुढे न्यायाधीशांसमोर सांगणं कितीतरी अवघड जाईल. तिसरा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो: खरोखर कर्ज घेतलेला माणूसही 'माझी ओळख चोरली' म्हणू शकतो. म्हणू शकतो. पण खरंखोटं ठरवणं हे आपलं काम नाही. आपल्याला फक्त दप्तरातलं सत्य लिहून द्यायचं आहे. ही व्यक्ती अमुक तारखेपासून आमच्याकडे आहे, तिचा पगार अमुक खात्यात जातो, कर्जाच्या अर्जावरचा मोबाइल क्रमांक आणि ईमेल आमच्या नोंदीत नाही. हे पत्र प्रामाणिक माणसाच्या कामी येईल आणि खोटं बोलणाऱ्याला अडचणीत आणेल.

हे पत्र वेळेत मिळालं पाहिजे. पतमाहितीतल्या चुकीच्या नोंदीची तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण त्यासाठी आधी तक्रार पुराव्यानिशी दाखल व्हावी लागते. लेटरहेडवरच्या एका कागदासाठी कर्मचारी पंधरा दिवस खेटे घालत असेल, तर तेवढे दिवस आपण चोराला दिले. पोलीस ठाण्यात जायला भरपगारी रजा द्या. रिकव्हरी एजंटचा फोन कार्यालयात आला, तर तिच्याविषयी काहीही न सांगता फक्त लेखी मागणी करा आणि त्या फोनची नोंद तिच्या सेवापुस्तिकेत जाऊ देऊ नका. पगाराचं खातं बदलण्याची विनंती ईमेलने आली, तर त्या ईमेलमधल्या नंबरवर फोन न करता आधीपासून नोंदवलेल्या नंबरवर करा.

लहान कारखानदार म्हणतील, एवढी यंत्रणा आम्हाला परवडत नाही. त्यांना यंत्रणेआधी कागद कमी करायला हवेत. जिथे पूर्ण आधार क्रमांक लागत नाही तिथे शेवटचे चार आकडे दाखवणारा मास्क्ड आधार घ्यावा आणि काम झाल्यावर झेरॉक्स नष्ट कराव्यात. कायद्याने ठेवायला लावलेला काळ उलटला की सोडून गेलेल्यांच्या फाइल्सही नष्ट व्हायला हव्यात. कंत्राटी कामगारांचं काय, हा प्रश्न मात्र आपण फार काळ टाळला आहे. त्यांचे कागद कंत्राटदाराकडे असले तरी ते आपल्या फाटकातून आत येण्यासाठीच घेतलेले असतात. तेव्हा त्यांची तक्रार आपल्याच नोंदवहीत घेतली जाईल आणि हे कलम प्रत्येक नव्या कंत्राटात लिहिलं जाईल, असा ठराव या अधिवेशनाच्या समारोपाच्या सत्रात मी मांडणार आहे.