पस्तिशीच्या आत



भिलाईत नर्स म्हटलं की सेक्टर नऊचं हॉस्पिटल आठवतं, आणि नर्सिंगची विद्यार्थिनी म्हटलं की नुकतीच बारावी झालेली पोरगी. त्यामुळे आमच्या मरोद्यातली एखादी तिशीतली बाई मुलं शाळेला लागल्यावर ‘मी नर्सिंग करते’ म्हणाली, की घरात आधी हसतात. मग विचारतात, हे खूळ कुठून शिरलं?

खूळ जुनंच आहे. बाया कर्वे शारदा सदन या शाळेतल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला. नवरा फर्ग्युसनमध्ये प्रोफेसर, तरी स्वतःची कमाई हवी म्हणून संसार सांभाळून या बाई नागपूरला जाऊन सुईणपणाचं शिक्षण घेऊन आल्या. ‘माझे पुराण’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचा, म्हणजे बाई किती खमकी होती ते कळेल. आणि नागपूर आपल्याला परकं नाही. १९५६ पर्यंत हा दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता, त्याची राजधानी तेच होतं.

आता नियमाचं बोलू. बी.एस्सी. नर्सिंगला बारावी सायन्स लागतं. जीएनएम या नर्सिंग डिप्लोमाला आर्ट्सवालीही चालते. कोर्स ३ वर्षांचा. एएनएम हा सहायक नर्सचा कोर्स २ वर्षांचा. पण प्रवेशाला वय ३५ च्या आत हवं, म्हणून ‘पोराची दहावी होऊ दे, मग बघू’ म्हणणारीची गाडी चुकते. कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, हे फी भरण्याआधी बघायचं. मान्यता नसेल तर नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नसली की सर्टिफिकेट भिंतीला टांगायचं.

‘मी सासूबाईंचं सगळं केलंय, मला येतं’ असं बऱ्याच जणी सांगतात. माझ्या मते अशा बायकांना पहिले सहा महिने जास्त जड जातात. घरी अंदाजावर चालतं, वॉर्डात चालत नाही. ५०० मिली सलाइन ४ तासांत द्यायचं. सलाइनच्या सेटचे २० थेंब म्हणजे १ मिली. तर मिनिटाला ४२ थेंब. घड्याळ डोळ्यांसमोर धरून थेंब मोजायचे, नळीवरची चाकी किंचित फिरवायची, पुन्हा मोजायचे. दिलेली प्रत्येक गोष्ट वेळेसकट लिहायची. मात्र रात्री अडीचला कण्हणाऱ्या म्हातारीजवळ न बिचकता बसणं अठराच्या पोरीला शिकवावं लागतं, अशा बाईला नाही.

खरी अडचण पैशाची आणि रात्रपाळीची. तीन वर्षं पगार नाही, वर फी, युनिफॉर्म, बसभाडं. नवऱ्याची स्टील प्लांटात दुपारची बी शिफ्ट आणि बायकोची नाइट एकाच आठवड्यात आली, तर संध्याकाळी मुलांना जेवायला कोण वाढणार? हे अर्ज भरण्याआधी घरात बसून ठरवा. आणि सासूबाईंना त्या बैठकीत जरूर बसवा. बहुतेक घरांत वाढणार त्याच असतात.