ओहतानीला तेव्हाच द्यायला हवं होतं



अमेरिकेतल्या बेसबॉल संघांपुढे जुलै सरता सरता एक प्रश्न उभा राहतो. आपला सर्वांत मोठा खेळाडू करार संपल्यावर जाणार, अशी चिन्हं दिसतात. त्याला शेवटपर्यंत ठेवायचं, की आत्ताच दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात होतकरू पोरं घ्यायची? मेजर लीगमध्ये सहा वर्षं भरलेला, कराराबाहेर पडलेला खेळाडू हवा तो संघ निवडू शकतो. 1975 च्या लवादाच्या निकालानं खेळाडूंना या हक्काची वाट मोकळी झाली. तो वापरणाऱ्याला लोभी म्हणणं अन्यायाचं आहे. निर्णय घ्यायचा असतो तो संघानं.

2023 चा जुलै आठवा. लॉस एंजेलिस एंजल्सकडे शोहेई ओहतानी होता, पिचिंग आणि बॅटिंग दोन्हींत अव्वल. 27 जुलैला डेट्रॉइटमध्ये एकाच दिवशी दोन सामने होते. पहिल्यात त्यानं अखेरपर्यंत एकट्यानं पिचिंग करून फक्त एक हिट दिली. दुसऱ्यात दोन होमरन मारले. असा माणूस सोडवेल कुणाला? एंजल्सनाही सोडवला नाही. 2014 नंतर त्यांनी प्लेऑफ पाहिलं नव्हतं, आशा सुटत नव्हती. त्यांनी उलट स्वतःचीच तरुण पोरं देऊन पिचर आणले. ऑगस्टमध्ये संघ कोसळला, ओहतानीचं कोपर दुखावलं. हंगाम 73 विजय, 89 पराभवांवर संपला. डिसेंबरमध्ये तो शेजारच्या डॉजर्सकडे गेला, दहा वर्षांसाठी 70 कोटी डॉलरवर. एंजल्सच्या पदरात पडली नवोदितांच्या निवडीतली एक जादा संधी.

वॉशिंग्टन नॅशनल्सनी वर्षभर आधीच वेगळं धाडस केलं होतं. 23 वर्षांच्या हुआन सोतोनं 15 वर्षांचा 44 कोटी डॉलरचा करार नाकारला, तेव्हा त्याच्या हक्काला अजून अडीच हंगाम अवकाश होता. म्हणूनच त्याला घेताना सॅन दिएगो संघानं बदल्यात भरभरून पोरं दिली. आलेल्यांपैकी सी. जे. एब्रम्स, मॅकेन्झी गोर आणि जेम्स वूड पुढे ऑल-स्टार झाले. संघ पुढेही हरत राहिला, हे खरं. पण उभारणीला हाताशी काहीतरी आहे. सोतोसारखा माणूस गेल्याचं दुःख त्यानं कमी होत नाही, आणि तरीही मी त्या निर्णयाच्या बाजूनं आहे.

मात्र मोठा खेळाडू देऊन टाकण्याची ही सूट मी प्रत्येक संघाला देणार नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये बॉस्टन रेड सॉक्सनी मुकी बेट्सला डॉजर्सकडे धाडलं. बेट्स त्यांच्याच दुय्यम संघांतून वर आलेला, 2018 चा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू, त्याच वर्षीच्या वर्ल्ड सिरीज विजयाचा शिल्पकार. डॉजर्सनी काही महिन्यांत त्याच्याशी 12 वर्षांचा करार वाढवला आणि त्याच हंगामात वर्ल्ड सिरीज जिंकली.  बॉस्टन तर बेसबॉलमधल्या श्रीमंत संघांपैकी एक. त्यांनी बेट्ससाठी तिजोरी उघडायला हवी होती.