ओटीच्या दारात तेच तेच प्रश्न का विचारतात?

आज बोलू या ऑपरेशन थिएटरबद्दल, म्हणजे आपल्या भाषेत ओटीबद्दल.

आपल्या पट्ट्यात कुणाचं ऑपरेशन निघालं की अंबरनाथचं छाया हॉस्पिटल, उल्हासनगर कॅम्प तीनचं मध्यवर्ती रुग्णालय, नाहीतर जवळचं एखादं नर्सिंग होम. कुठेही जा, वॉर्डात विचारतात, "नाव काय? कशाचं ऑपरेशन?" ओटीच्या दारात तेच, टेबलावर परत तेच. मग बाहेर काका वैतागतात, "अहो, फाइलवर लिहिलंय ना!"

लिहिलेलं असतं, काका. पण जनरल ओटीत एकाच सकाळी हर्निया, अपेंडिक्स, मूळव्याध असे बरेच पेशंट रांगेत असू शकतात. त्यात आपल्याकडे भोईर, म्हात्रे, पाटील किती! समजा दोन भोईर आहेत, दोघांनाही हर्निया, एकाचा डावा, एकाचा उजवा. आता कळलं?

यासाठीच जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली १९ मुद्द्यांची सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट काढली. त्या कामाचं नेतृत्व केलं अमेरिकेतले सर्जन डॉ. अतुल गवांदे यांनी. त्यांचे वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले.

यादीत तीन थांबे आहेत. पहिला, भूल देण्याआधी: पेशंट कोण, ऑपरेशन कुठलं, बाजू कुठली, ॲलर्जी आहे का? दुसरा, चिरा देण्याआधी: सगळी टीम थांबते आणि हेच मोठ्यानं बोलून पक्कं करते. तिसरा, पेशंटला बाहेर नेण्याआधी: गॉज, सुया, अवजारं मोजायची. पोटात काही राहिलं तर नाही ना?

दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ही यादी वापरून पाहिली. २००९ मध्ये निकाल छापून आला: ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. पण कॅनडातल्या ऑन्टारियोत २०१४ च्या अभ्यासात तसा ठोस फरक दिसला नाही. म्हणजे यादी नुसती असून भागत नाही. कागदावर टिक मारणं वेगळं आणि थांबून खरंच विचारणं वेगळं.

आणि विचारल्यावर खरं उत्तर देणं, हे आपलं काम. पेशंट बोलू शकत असेल तर पूर्ण नाव त्यानंच सांगावं, बाजू हातानं दाखवावी. त्या जागी पेनानं खूण केली का, हे बिनधास्त विचारा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा. नेलपॉलिश काढा, कारण बोटाला लावलेल्या क्लिपवर ऑक्सिजन बघतात.

सगळ्यात महत्त्वाचं: सकाळी गुपचूप चहा-बिस्किट झालं असेल तर लपवू नका. ऑपरेशन पुढे ढकललं तर दिवस जाईल. पण भूल दिल्यावर उलटी होऊन ती फुप्फुसात गेली, तर जीवावर बेतू शकतं.

घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर हा भाग फॅमिली ग्रुपवर टाका, काकांना तर नक्कीच. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!