वीज येईल तेव्हा येईल, तारपा आज वाजू द्या

(तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात रात्री जेवणानंतर झालेलं भाषण. बोललं तसंच लिहून काढलं आहे.)



दिवसभर आपण दाव्यांचं बोललो. प्लॉटची मोजणी, दंडाच्या पावत्या, पंचनामे, रेंजर, तहसीलदार, सगळं झालं. आता रात्री आम्हां पोरांना करमणुकीवर बोलायला सांगितलं आहे. काही जण म्हणाले, करमणुकीवर भाषण कशाला, करमणूक करायची असते. ते खरं हाय. म्हणून आम्ही जास्त वेळ घेणार नाय. पण ही गोष्ट जमिनीच्या गोष्टीपासून वेगळी नाय, एवढं आधी सांगतो. मग बाबा तारपा वाजवतील आणि आपण नाचू.

पहिली गोष्ट विजेची. आपल्या काही पाड्यांवर अजून खांब आलेले नाहीत. काही पाड्यांवर खांब आले, तार आली नाय. काही गावांत तार आली ती रस्त्याच्या कडेच्या घरांपर्यंत, पाड्याकडे वळलीच नाय. आणि आपल्याच डहाणू तालुक्यात, खाडीच्या काठाला, २५० मेगावॅटचे दोन संच असलेलं वीजघर उभं आहे. त्याची वीज मुंबईला जाते. तारा आपल्या डोक्यावरून जातात, आणि खाली आपल्या घरात रॉकेलची चिमणी जळते.

तेव्हा कोणी असं समजू नका की आम्ही विजेच्या विरोधात बोलतो. वीज पाहिजे. पोरांना अभ्यासाला पाहिजे, दवाखान्यात लस थंड ठेवायला पाहिजे, विहिरीवर पंप लावायला पाहिजे. त्यासाठी मोर्चा काढायचा तर आम्ही पुढे असू. पण वीज येईपर्यंत आपण अंधारात गप बसून राहायचं काय? आणि ज्याच्याकडे वीज हाय त्याच्याकडून करमणूक भाड्याने आणायची काय? हा आमचा सवाल हाय.

कारण आता तसंच होऊ लागलंय. नवरात्र आली की पोरं वर्गणी काढतात. जनरेटर भाड्याने, लाऊडस्पीकर भाड्याने, डिझेल वेगळं, आणि तो चालवणारा माणूस बाजारातून येतो त्याचं खाणंपिणं वेगळं. पैसे कमी पडले की कुणीतरी ठेकेदार नाहीतर व्यापारी म्हणतो, राहू द्या, उरलेले मी देतो. आपण खूश. मग दोन महिन्यांनी तोच माणूस पेंढा मागायला येतो, गवताचा भाव पाडायला येतो, नाहीतर मतं मागायला येतो. म्हणतो, तुमच्या गरब्याला मी पैसे दिले होते ना? त्या वेळी तोंड उघडत नाय. संघटनेने सावकाराचं जुनं कर्ज मोडायला किती वर्षं घातली, ते इथे बसलेल्या जुन्या माणसांना विचारा. आणि आपण नाचासाठी नवीन कर्ज काढतो.

गाणी सिनेमाची असली म्हणून आमचा राग नाय. आम्हीपण ऐकतो. पण जनरेटर बंद पडला की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. डिझेल संपलं, आवाज बंद, लाईट बंद, आणि दोनशे माणसं तशीच उभी. कोणाला पुढे काय करायचं ते सुचत नाय. तारप्याचं तसं नाय. वाजवणारा दमला तर दुसरा घेतो, आणि तोपर्यंत बाया गाणं धरतात. नाच थांबत नाय.

आता आपल्याकडे काय काय हाय ते मोजू. हळवं भात कापायला आलं की दिवाळीपर्यंत तारपा. गौरीला गौरीचा नाच. लग्नाला ढोल, आणि धवलेरी जी गाणी म्हणते ती वेगळीच. ती गाणी झाल्याशिवाय आपलं लग्न लागत नाय. थाळीवर भगत रात्रभर कणसरीची कथा सांगतो. तूर आणि थाळी हाय. दोन भोपळ्यांची घांगळी हाय, ती आता थोड्याच घरांत उरली. आपल्या कोकणा भावांकडे डोंगऱ्या देवाला पावरी वाजते. जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा असतो. सांबळ-सनई वाजते, टेंभ्याच्या उजेडात मुखवटे घालून सोंगं नाचतात, रात्रीच्या रात्री चालतात. यातलं एकही विजेवर चालत नाय. सगळं तोंडाने, हाताने आणि पायाने चालतं. सणावाराला लोकांना रात्र जागवायची कशी हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता तारप्याचंच बघा, तो कशाचा होतो. मोठा दुधी भोपळा, वाळवून पोकळ केलेला. त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, भोकं पाडलेल्या, आत वाजणारी जिभली. पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. आणि सगळे सांधे बंद करायला मधाच्या पोळ्याचं मेण. बस. यात बाजारचं काही नाय. बनवणारा आपला, वाजवणारा आपला. वाजवणारा गालात हवा भरून ठेवतो आणि नाकाने श्वास घेतो, म्हणून आवाज मध्ये तुटत नाय. ही कला शिकायला वर्षं लागतात.

पण आता हाच तारपा जंगलखात्याच्या कायद्यात घालून बघा. कायदा १९२७ सालचा, इंग्रजांचा, अजून तोच चालतो. त्याच्या कलम २ मध्ये लिहिलंय की 'झाड' म्हणजे ताड-माडसुद्धा आणि वेतसुद्धा, आणि २०१७ पर्यंत त्यात बांबूसुद्धा होता. आपण बांबूला झाड म्हणत नाय, पण कायदा तेव्हा म्हणायचा. पुढे वनोपज म्हणजे काय ते लिहिलंय. जंगलातून आणलेलं झाड, पान, फूल, फळ, गवत, मध आणि मेण. म्हणजे तारप्याच्या नळ्या वनोपज, कर्णा वनोपज, मेण वनोपज. फक्त दुधी तेवढा आपला, कारण तो आपल्या मांडवावर होतो. आणि ज्याचं घर-वावर 'अतिक्रमण' म्हणून लिहिलंय, त्याचा मांडवपण सरकारच्या जागेत, मग दुधीसुद्धा त्याचा नाय!

हसू नका, हे खरं हाय. नळीसाठी एक बांबू तोडला म्हणून गार्डने कोयता काढून घेतला, असं किती पाड्यांवर झालं ते हात वर करून सांगा. बघा किती हात वर झाले. कागद कारखान्याला बांबूचं रान ठेक्याने देता येतं आणि आपल्याला तारप्याला एक नळी चोरून आणावी लागते.

आणखी एक गंमत बघा. आपल्या तारप्याच्या नाचाचं चित्र आता सगळीकडे गेलंय. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना १९७६ साली चित्रकलेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ती आपल्या सगळ्यांना अभिमानाची गोष्ट हाय. मधे तारपकरी आणि भोवती फिरलेली माणसांची रांग, हे चित्र आज मोठ्या हॉटेलात लागतं, सरकारी कचेरीच्या भिंतीवर असतं. ज्या साहेबाच्या भिंतीवर तारपा हाय, त्याच्याच खात्यात तारप्याचा बांबू गुन्हा हाय. चित्रातला तारपा त्यांना चालतो. वाजणारा तारपा चालवायचा असेल तर जंगल आपल्या हातात लागतं.

म्हणून आम्ही म्हणतो, ही नुसती करमणूक नाय. १९९६ च्या डिसेंबरात दिल्लीच्या संसदेने आदिवासी भागासाठी ग्रामसभेचा कायदा केला. भुरिया समितीने अहवाल दिला होता, त्याच्यावरून तो झाला. त्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे द्यायची. दुसरी, आपल्या चालीरीती, आपली ओळख आणि आपली साधनं सांभाळायला ग्रामसभा समर्थ आहे, असं त्यात साफ लिहिलंय. साहेब लोक बांबूला अडवतील. तेव्हा आपण म्हणायचं, तारपा आमची चाल हाय की नाय ते सांगा. चाल सांभाळायची म्हणता, तर तिचा बांबू कुठून आणायचा तेपण सांगा. हा सवाल कागदावर लिहून, ग्रामसभेचा ठराव करून विचारायचा. तोंडी विचारला तर तोंडीच उडवतात.

आता नाचाच्या माळाचं. प्रत्येक पाड्याला एक माळ असतो, तिथे बाप नाचला, आजा नाचला. त्याच्याजवळ वाघदेव असतो, गावदेव असतो. सातबाऱ्यावर त्याची नोंद नाय. दाव्याला गेलं की साहेब दंडाची पावती मागतो. ज्याला दंड झाला त्याच्याकडे पावती, ज्याच्याकडून नुसते पैसे आणि कोंबडी घेतली त्याच्याकडे काय? पण माळ तर हाय ना? पाय पडून पडून जमीन टणक झाली, तिथे गवत धड उगवत नाय. तेपण आपलं लिहिणंच हाय. दाव्याच्या नकाशात प्लॉट दाखवताना नाचाचा माळ, वाघदेव, मसणवटा हे सगळं दाखवा. आणि त्या माळावर नाच चालू ठेवा. ज्या माळावर दहा वर्षं नाच झाला नाय, तिथे रोपवनाचे खड्डे पडायला वेळ लागत नाय.

संघटनेलापण नाच लागतो. १९४५ साली मे महिन्यात झरीला वारली लोक हजारोंनी जमले आणि वेठबिगार करणार नाय असं बोलले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि चार साथी शहीद झाले. त्या वेळी पाड्यांवर वीज नव्हती, फोन नव्हता. निरोप माणसाने माणसाला दिला. ज्या लोकांना रात्री एकत्र जमायची सवय हाय, तेच लोक सभेलापण जमतात. आपापल्या घरात चिमणी विझवून झोपणाऱ्या पाड्याला हाक दिली तर कोण उठेल?

आता थोडं आपल्या घरातलं बोलतो. राग मानू नका.

तारपा वाजवणारी माणसं म्हातारी होत चालली. त्यांच्या हाताखाली पोरगा नाय. का नाय? एक तर शाळेत पोरांना तारप्या म्हणून हसतात, मग पोरगा सुट्टीत घरी आला तरी तारप्याला हात लावत नाय. दुसरं, आपण तारपकऱ्याला काय देतो? रात्रभर वाजवलं की दारू पाजतो. भात देत नाय, कपडा देत नाय. लाऊडस्पीकरवाल्याला नोटा मोजून देतो आणि आपल्या माणसाला पेला! दारूने छाती गेली की तारपा गेला, कारण तो छातीवरच वाजतो. आमच्या बहिणींचंपण म्हणणं हाय. त्या म्हणतात, नाचाला आम्ही निम्म्याहून जास्त असतो, पण दारू जास्त झाली की आम्हांला माळ सोडून घरी जावं लागतं. हे त्यांचं म्हणणं बरोबर हाय, आणि त्याचा विचार पुरुषांनी करायचा हाय.

तेव्हा आम्ही तरुणांनी मिळून काही गोष्टी ठरवल्यात, त्या तुमच्यापुढे ठेवतो. पटल्या तर सकाळच्या ठरावात घ्या.

एक. प्रत्येक पाड्याने दोन पोरं निवडायची. ती तारपकऱ्याकडे जाऊन तारपा बनवायला आणि वाजवायला शिकतील. पोरीला शिकायचं असेल तर तिलापण बसवायचं, अडवायचं नाय. आश्रमशाळेतली पोरं दिवाळीच्या सुट्टीत शिकतील.

दोन. शिकवणाऱ्या बाबांना पाड्याने भात द्यायचं, घरटी थोडं थोडं. दारू नाय.

तीन. जनरेटरसाठी वर्गणी घ्यायची की नाय ते पाड्याने बसून ठरवायचं. पण ठेकेदाराचा, व्यापाऱ्याचा, पुढाऱ्याचा पैसा नाचाला घ्यायचा नाय.

चार. तारपा, ढोल, तूर, सुपं, टोपल्या यांच्यासाठी लागणारा बांबू आमच्या ग्रामसभेच्या जंगलातून आम्ही आणणार, कुठून, किती आणि कोणत्या महिन्यात ते ग्रामसभा ठरवणार, असा ठराव करून त्याची प्रत जंगलखात्याला द्यायची आणि पोच घ्यायची. कोवळा बांबू कोणी तोडायचा नाय, हेपण त्यातच लिहायचं. मालक व्हायचं तर राखायलापण लागेल.

पाच. पहिल्या पावसाला प्रत्येक घराने मांडवाला एक दुधीचा वेल तारप्यासाठी लावायचा. तो खायला तोडायचा नाय, वेलावर राहू द्यायचा, मग वाळवायचा. औंदा लावलेला दुधी पुढच्या वर्षी वाजतो.

ही शेवटची गोष्ट लहान वाटेल. पण ज्याला वाटतं की उद्या आपल्याला वावरातून उठवतील, तो पुढच्या वर्षीचा दुधी लावत नाय. आपण लावायचा. दावा मंजूर व्हायची वाट न बघता लावायचा, कारण आपण इथून जाणार नाय.

बाबांनी मेण शेकून ठेवलंय, तारपा तयार हाय. ज्यांना पाय दुखतात त्यांनी शेकोटीजवळ बसावं, बाकीच्यांनी उठावं. घोळकाठी पुढे कोण धरणार ते सांगा.

जोहार! जिंदाबाद!