शेवटच्या बाइकचा वेग

थंडी जवळ आली की आपल्या बऱ्याच घरांत एक वाद सुरू होतो. कुणीतरी जाहीर करतं, "या वेळी आम्ही ग्रुपनं रूट ६६ करणार, बाइकवर." त्यावर समोरून काय उत्तर येतं ते मी सांगायला नको. आजचं बोलणं जाणाऱ्यांसाठी आहे, आणि घरी फोनकडे बघत बसणाऱ्यांसाठीही आहे.

पूर्ण रूट ६६ म्हणजे शिकागो ते सँटा मोनिका, साधारण २,४०० मैल. १९२६ साली त्याला हा नंबर मिळाला आणि १९८५ साली तो सरकारी यादीतून निघाला. आपण लॉस एंजेलिसकडची मंडळी जातो तो बार्स्टो ते नीडल्स हा मोहावे वाळवंटातला तुकडा. वेळ उरला तर कोलोरॅडो नदी ओलांडून ॲरिझोनातलं ओटमन.

हा रस्ता रेल्वेचं बोट धरून चालतो. १८८३ मध्ये इथून रूळ गेले. वाफेच्या इंजिनांना ठरावीक अंतरावर पाणी लागायचं, म्हणून स्टेशनं झाली आणि त्यांना इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं नावं दिली: अँबॉय, ब्रिस्टल, कॅडिझ, डॅन्बी, एसेक्स, फेनर, गॉफ्स. तिसाव्या दशकात दुष्काळानं आणि धुळीच्या वादळांनी घरदार सोडलेली ओक्लाहोमाकडची शेतकरी कुटुंबं याच वाटेनं कॅलिफोर्नियात आली. उन्हाच्या भीतीनं अनेकजण हा पट्टा रात्री पार करत. जॉन स्टाइनबेकच्या १९३९ च्या कादंबरीमुळे या रस्त्याला 'मदर रोड' हे नाव पडलं. मग रस्त्यानं एकेक गाव सोडलं. १९३१ मध्ये गॉफ्स बाजूला पडलं. १९७३ मध्ये इंटरस्टेट ४० सुरू झाला आणि अँबॉयचं गिऱ्हाईक एका दिवसात आटलं. तिथली रॉयज मोटेलची उंच लाल-काळी पाटी १९५९ ची आहे. फोटो सगळे तिथेच काढतात. काढावेतही. पण शेजारी शाळेची बंद इमारत आहे, तिच्यासमोर दोन मिनिटं उभं राहा.

आता बाइकचं. ग्रुपमध्ये आपण एकामागे एक सरळ रांगेत जात नाही. एकजण लेनच्या डाव्या बाजूला, त्याच्या मागचा उजव्या बाजूला. तिरप्या समोरच्यापासून निदान एक सेकंद आणि अगदी पुढच्यापासून निदान दोन सेकंद अंतर ठेवायचं. वळणावर मात्र एकेरी रांग. सर्वांत पुढे लीड, सर्वांत मागे स्वीप, आणि दोघेही अनुभवी. नवखा माणूस लीडच्या लगेच मागे हवा. आपल्याकडे त्याला लाजेनं मागे ढकलतात किंवा तो स्वतःच मागे राहतो, आणि घोळ तिथेच होतो. रांग रबरासारखी ताणते. पुढचा साठच्या वेगानं आरामात जात असतो, मधला प्रत्येकजण जरा उशिरा गती घेतो, आणि आठव्या बाइकला रांग गाठायला पंचाहत्तर-ऐंशी करावे लागतात. म्हणजे सर्वांत कच्चा माणूस सर्वांत जोरात चालवतोय आणि पुढच्याला त्याचा पत्ताही नाही. लीडनं आरसा बघून चालवायचं ते यासाठी. मागचा दिवा दिसेनासा झाला, की वेग कमी.

दुसरी गोष्ट ऊन. उन्हाळ्यात नीडल्सला ४५ अंश सेल्सिअस म्हणजे नवल नाही, त्यामुळे तेव्हा जाऊच नये. पण ऑक्टोबरमध्येही दुपार कडक निघते. तिथे घाम येतो तेवढ्यात वाळतो, त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते कळत नाही. हवा अंगापेक्षा गरम असेल, तर टीशर्टवर लागणारा वारा गारवा देत नाही, उलट भाजतो. जॅकेट घालायचंच, आतला शर्ट पाण्यात भिजवून.

दोन वर्षांपूर्वी आम्ही आठजण होतो. लडलोच्या पंपावर टाक्या भरल्या आणि अँबॉयकडे निघालो. आमच्यातला एकजण एरवी थांबा आला की पहिला विनोद करणारा. त्या दिवशी थांब्यावर गप्प होता. थोड्या वेळानं स्वीपच्या लक्षात आलं की त्याची बाइक लेनमध्येच हळूहळू पिवळ्या रेषेकडे सरकतेय आणि परत येतेय. स्वीपनं हॉर्न दिला, दिवे मारले, सगळे थांबले. फोनला रेंज नाही. हळूहळू त्याला रॉयजच्या छपराखाली नेलं, जॅकेट काढलं, मानेवर ओलं फडकं ठेवलं, मीठ-साखर-लिंबाचं पाणी घोट घोट पाजलं. डोकं दुखतंय एवढंच तो म्हणत होता, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दोनदा चुकलं. ते मला जास्त टोचलं.

दोघांचं म्हणणं पडलं की आम्ही पुढे जातो, नीडल्सला खोल्या घेऊन ठेवतो. लीड आमच्यात वयानं सर्वांत लहान, पण तिनं स्पष्ट सांगितलं, "काका, कुणी पुढे जाणार नाही." दीड तास बसलो. तो सावरला, तरी त्याची बाइक तिथेच ठेवली आणि त्याला मागे बसवून केल्बेकर रोडनं वर इंटरस्टेट गाठला. बाइक दुसऱ्या दिवशी ट्रेलरनं आणली. ओटमन राहिलं. तिथली गाढवं, म्हणजे खाणकामगारांनी सोडून दिलेल्या जनावरांची पिलावळ, पुढच्या वर्षी भेटली आणि माझ्या हातमोज्याचा वास घेऊन निघून गेली.

जाणार असाल तर निघण्याआधी काउंटीच्या बंद रस्त्यांची यादी बघा. पुरानं इथले जुने लाकडी पूल वाहून जातात आणि अँबॉयच्या पूर्वेचे तुकडे वर्षानुवर्षं बंद राहतात. फळी लावली असेल तर बाजूनं बाइक घालू नका. ॲरिझोनात प्रौढांना हेल्मेटची सक्ती नाही, म्हणून नदी ओलांडताच काहीजण ते काढतात. आमच्या ग्रुपमध्ये ते चालत नाही.

आणि घरच्यांनो, लडलो सोडलं की दोन-तीन तास फोन लागणार नाही, हे आधीच ठरवून घ्या. शेवटचा मेसेज लडलोहून, पुढचा इंटरस्टेटवरून. निघताना फक्त एक प्रश्न विचारा, "स्वीप कोण आहे?" नाव पटकन सांगता आलं नाही, तर डबा परत फ्रिजमध्ये ठेवा.