फिटची गोळी आणि पोटातलं बाळ
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)

मैत्रिणींनो, आमच्या केंद्रात दोन वर्षांपूर्वी एक मुलगी आली. लग्नाला सहा महिने झालेले, दिवस गेलेले, तिसरा महिना. फिट्स येतात हे माहेरच्यांनी सासरी सांगितलंच नव्हतं. गोळ्या ती पिठाच्या डब्यात लपवायची. 'ताई, गोळी घेऊ की सोडू?' एवढंच तिने विचारलं. मला उत्तर देता येईना. एमएसडब्ल्यूला हे कुणी शिकवत नाही.

गोळी होती सोडियम वॅलप्रोएट. आपल्या एकेका पेशीत साधारण २ मीटर लांब डीएनएचा धागा असतो, हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला. ८ हिस्टोन मिळून एक रीळ. काही एन्झाइम हिस्टोनवर अ‍ॅसिटिलची खूण चिकटवतात; धागा सैल होतो, तिथलं जनुक कामाला लागतं. दुसरे एन्झाइम ती खूण काढतात, धागा आवळला जातो. बाळाचा मेंदू, कणा घडताना हे उघडणं-मिटणं वेळच्या वेळी व्हावं लागतं. वॅलप्रोएट खूण काढणाऱ्या एन्झाइमनाच अडवतं, हे २००१ मध्ये सिद्ध झालं. बाळातल्या व्यंगांचं हे एक महत्त्वाचं कारण मानतात.

धोका मात्र १९८२ मध्येच फ्रान्समध्ये लक्षात आला होता. गरोदरपणी ही गोळी घेतली तर १०० पैकी साधारण १० बाळांत जन्मजात व्यंग आणि ३० ते ४० मुलांच्या वाढीत, शिकण्यात अडचणी. युरोपात कडक नियम आले २०१८ मध्ये! मधली ३६ वर्षं कितीतरी आया स्वतःलाच दोष देत बसल्या असतील.

आपल्याकडे हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराची अट १९९९ मध्ये गेली. घरांतून गेली नाही. म्हणून लपवाछपवी, आणि लपवायचं म्हणून डॉक्टरांना विचारणंही नाही.

गोळी एकदम सोडणं हाही उपाय नाही, हे वस्तीत नीट सांगा. मोठी फिट आली तर आईच्या जिवावर बेतू शकतं. दुसरं औषध चालेल का, फॉलिक अ‍ॅसिड किती, हे मेंदूविकारतज्ज्ञांना विचारायचं ते दिवस राहण्याआधी. कण्याची नळी मिटते ती गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांतच; पुष्कळदा बाईला कळलेलंही नसतं.

आम्ही तिला तज्ज्ञांकडे नेलं, सोनोग्राफी झाली. बाहेर बाकावर बसून ती म्हणाली, 'पाच वर्षं ही गोळी घेतेय. लग्न ठरल्याचं डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा पेढासुद्धा दिला होता त्यांना.'