माती कोण राखणार?



आम्ही मास्तर माणसे. नोकरीत असताना दर पावसाळ्यात मुलांकडून माळावर झाडे लावून घ्यायचो. खड्डा खणायचा, रोप लावायचे, टाळ्या वाजवायच्या. दिवाळीपर्यंत शेळ्या सगळे फस्त करायच्या. पुढच्या पावसात त्याच खड्ड्यात नवे रोप! शेळ्यांच्या मालकावर आम्ही फार रागवायचो. आमची चूक कुठे झाली, ते शेवटी सांगू.

आपल्या शिक्रापूरच्या वेळ नदीला पहिले पाणी येते, तेव्हा ते कसे दिसते? गढूळ, चहासारखे. तो रंग कशाचा? आपल्याच रानातल्या मातीचा. इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. उघड्या उतारावरून ती एका जोरदार पावसात वाहून जाते. गवत असेल, झाड असेल, बांध असेल, तर पाण्याचा वेग मोडतो. माती जागेवर राहते, पाणी खाली मुरते आणि विहिरीला येते.

हे काम आपल्याच पुणे जिल्ह्यात एका माणसाने करून दाखवले. त्यांचे नाव विलासराव साळुंखे. ते इंजिनिअर होते. पुण्यात त्यांचा कारखाना होता. १९७२ साली मोठा दुष्काळ पडला. पुरंदर तालुक्यात माणसे दुष्काळी कामावर खडी फोडत होती. विलासरावांनी ते पाहिले. त्यांच्या मनात आले, खडी फोडून आज पोट भरेल, पण पुढच्या दुष्काळाचे काय?

त्यांना कोणी नेमले नव्हते. तरी १९७४ साली त्यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठान ही संस्था काढली. नायगाव येथे देवस्थानची सुमारे ४० एकर पडीक जमीन भाडेपट्ट्याने घेतली. उतारावर बांध घातले. पायथ्याशी पाझर तलाव केला. त्याच्या खाली विहीर खणली. विहिरीचे पाणी वर उचलून पिकांना दिले. उजाड माळ हिरवा झाला.

पण मंडळी, खरी गोष्ट पुढेच आहे. पाणी आले, आता ते कुणाचे? ज्याची जमीन जास्त, त्याचे? विलासराव म्हणाले, नाही. पाणी माणशी वाटायचे. एका माणसामागे अर्ध्या एकराला पाणी. ज्याला जमीन नाही, त्यालाही पाण्यात वाटा. योजनेच्या खर्चाचा काही भाग लोकांनी स्वतः भरायचा. उसाला पाणी नाही, कारण एकाचा ऊस दहा जणांची ज्वारी पितो. या रीतीला ‘पाणी पंचायत’ असे नाव पडले. पुढे आसपासच्या गावांनीही ती उचलली.

असा नियम का? नीट विचार करा. ज्याला पाण्यात वाटा आहे, तो बांध फुटू देत नाही. ज्याला काहीच मिळत नाही, तो बांध कशाला राखील?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानेही हेच ओळखले. तिथे डोंगरावर गुरे मोकळी सोडायची नाहीत असे ठरले. पण गवत कापून घरी न्यायला मोकळीक ठेवली. डोंगर वाचला आणि गुरांनाही चारा मिळाला.

आता आमची चूक सांगतो. त्या शेळ्या ज्या घरच्या होत्या, त्या घराला शेत नव्हते. शेळी हेच त्यांचे शेत. आमच्या झाडांत त्यांचा वाटा काय होता? काहीच नाही. आम्ही रागावलो, पण एकदाही त्यांच्या दारात जाऊन बसलो नाही. ‘बाबा, कापलेले गवत तू ने, झाड तेवढे राख,’ एवढे म्हटले असते, तर आज तिथे सावली असती.

विलासराव २००२ साली वारले. निसर्गावर प्रेम करणारा एक माणूस काम सुरू करतो. तो कायम पुरत नाही. ते काम गावाने आपले मानले, तरच ते टिकते.

तेव्हा या पावसाळ्याआधी एवढे करा. गावातला एक उघडा उतार निवडा. त्यावर कुणाची गुरे चरतात, ते विचारा. आधी त्या माणसांना बैठकीला बोलवा. कुणाला काय मिळेल ते त्यांच्यासमोर ठरवा. मग कुदळ उचला. आमचे वय झाले, पण घमेले उचलायला आम्ही येऊ.